पडल्यावाचून तोल नाही

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आठवीच्या मुली शाळेच्या पटांगणावर फुगडीचा सराव करीत होत्या. जोड्या हात गुंफून गरगर फिरत आणि शिटी वाजताच जागच्या जागी थांबत. एकदा थांबता थांबता एका मुलीचे पाय तिरके पडले. ती झोकांडी खाऊन धप्पकन खाली बसली आणि बसल्या जागीच हसू लागली. तिची आई कुंपणापाशी उभी होती. ती लगबगीने आमच्याकडे आली व म्हणाली, "सर, हिका घुंवळ येता." मराठीत जिला आपण भोवळ किंवा घेरी म्हणतो, तिलाच आमच्या कोंकणीत घुंवळ म्हणतात. मुलीचे नाव फुगडीतून काढावे, अशी त्या माउलीची विनंती होती.

आम्ही ते नाव काढले नाही. विनंती मायेपोटी केलेली होती; ती का मानली नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवतो. कान आणि मेंदू यांच्या व्यवहारात आम्ही डोके घालण्याचे काही कारण नव्हते. परंतु दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरी हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या वेळी आम्ही त्याचे उत्तर चुकीचे दिले आणि त्या चुकीची किंमत आमच्या आईला मोजावी लागली.

आषाढातली ती सकाळ होती. आई अंथरुणावर उठून बसली आणि किंचाळली. छप्पर, भिंती, देव्हारा, सारे काही एका दिशेने फिरत आहे, असे ती सांगू लागली. उलट्या झाल्या. डॉक्टरांनी येऊन तपासले. एका कानाच्या तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूला सूज आली आहे, जिवाला धोका नाही, असे सांगून त्यांनी औषध दिले. तीनचार दिवसांत फिरणे ओसरले. मात्र मान वळवली, उठून चार पावले टाकली, की पुन्हा घेरी येई. शेजारीपाजारी म्हणाले, हालू देऊ नका. आम्हांसही तेच पटले. आम्ही खिडक्या लावून घेतल्या, जेवणाचे ताट अंथरुणाशी नेले, स्नानाला नेतानाही दोघांनी धरून नेले. असा दीड महिना गेला. पडल्या पडल्या आईला बरे वाटे. पण उंबरठा ओलांडून अंगणातल्या तुळशीपर्यंत जाण्याची तिची शक्ती उरली नाही, आणि धीर तर मुळीच उरला नाही. आम्ही समजत होतो की आम्ही तिची सेवा करीत आहोत. प्रत्यक्षात आम्ही तिला पांगळी करीत होतो.

हे कसे घडले, ते कळण्यासाठी तोल म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कान हे ऐकण्याचे इंद्रिय, एवढेच आपण लहानपणी शिकतो. परंतु कानाच्या अगदी आतल्या भागात, हाडाच्या पोकळीत, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या एकमेकींशी जवळजवळ काटकोनात बसवलेल्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिका डोक्याबरोबर वळते. आतला द्रव मात्र क्षणभर मागे राहतो. त्यामुळे तेथील पेशींचे अतिसूक्ष्म केस वाकतात आणि डोके कोणत्या बाजूस वळले, ही वार्ता मेंदूकडे जाते. फुगडी बराच वेळ चालली की द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो. शिटी वाजते, मुलगी थांबते, पण द्रव थांबत नाही. केस आता उलट बाजूस वाकतात. डोळे म्हणतात, 'आपण उभे आहोत'. कान म्हणतो, 'आपण उलटे फिरत आहोत'. या दोन साक्षीदारांच्या भांडणाचे नाव भोवळ.

या साध्या गोष्टीचा उलगडा व्हावयास फार काळ लागला. १८२० च्या सुमारास यान पुर्किन्ये या झेक शास्त्रज्ञाने स्वतःला गरगर फिरवून घेऊन भोवळीचा अभ्यास केला. त्याच दशकात फ्रान्समध्ये फ्लुराँ यांनी कबुतरांच्या कानांतील या नलिका छेदल्या, तेव्हा ती कबुतरे विचित्र रीतीने मान हलवू लागली व फिरू लागली. १८६१ मध्ये पॅरिसचे डॉक्टर मेनिएर यांनी प्रतिपादन केले की, ज्या भोवळीला वैद्य मेंदूतील रक्ताधिक्याचा झटका समजतात, ती पुष्कळदा कानातून उद्भवते. पुढे व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी हे रोग्यांचे कान पाण्याने धूत असत. पाणी थंड असले म्हणजे रोग्याला भोवळ येऊन डोळे एका बाजूस झटके खात आणि पाणी फार गरम असले म्हणजे दुसऱ्या बाजूस. एवढ्या घरगुती तक्रारीतून त्यांनी तोलाच्या इंद्रियाची परीक्षा शोधून काढली. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. स्वीडनच्या राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली.

आता विद्यार्थिमित्रांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. हा अंक डोळ्यांपुढे स्थिर धरून मान डावीउजवीकडे भराभर हलवावी. अक्षरे वाचता येतील. नंतर मान स्थिर ठेवून अंक तितक्याच वेगाने हलवावा. अक्षरे पुसट होतील. असे का व्हावे? मान हलते तेव्हा कान ती वार्ता सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळ्यांच्या स्नायूंना पोहोचवतो आणि डोळे बरोबर उलट दिशेने तितकेच वळतात. अंक हलतो तेव्हा कानाला काही कळत नाही. एकट्या दृष्टीला धावावे लागते आणि ती मागे पडते.

डोळ्यांनी बरोबर 'तितकेच' वळावे, हे माप कोणी ठरवले? मूल वाढते तसे डोके मोठे होते, वयाप्रमाणे स्नायू बदलतात, कोणाला चष्मा लागतो. जन्माच्या वेळी घालून दिलेले माप आयुष्यभर पुरणार नाही. नवा चष्मा लागलेल्या आमच्या वाचकांना आठवत असेल की, पहिले दोन दिवस जमीन खाली गेल्यासारखी भासते, जिन्याची पायरी चुकते. मग सारे आपोआप ठीक होते. हे 'आपोआप' म्हणजेच मेंदूचे शिकणे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मेलव्हिल जोन्स व त्यांचे सहकारी गॉन्शर यांनी याची मोठी कठोर परीक्षा घेतली. त्यांनी काही स्वयंसेवकांना डावे उजवीकडे व उजवे डावीकडे दाखवणारे लोलक डोळ्यांवर बांधून कित्येक दिवस वावरावयास लावले. १९७६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष थक्क करणारा आहे. प्रारंभी त्या माणसांना धड चालता येईना. पुढे त्यांच्या डोळ्यांचे जुने वळणे कमी कमी होत गेले आणि अखेर, अंधारात तपासले तरी, ते उलट्या दिशेने होऊ लागले. लोलक काढल्यावर पुन्हा हळूहळू सारे पूर्वस्थितीवर आले. जे यंत्र आपण जन्मजात व अढळ समजत होतो, ते विद्यार्थी निघाले!

हा विद्यार्थी शिकतो कोणत्या शाळेत? मस्तकाच्या मागच्या अंगास असलेल्या अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत. तेथे झाडासारख्या फांद्या पसरलेल्या मोठ्या पेशी आहेत. १८३७ मध्ये त्यांचे वर्णन करणारा शास्त्रज्ञ कोण, तर तोच स्वतःला गरगर फिरवून घेणारा पुर्किन्ये! भोवळ आणि या पेशी यांचे नाते काय, हे कळावयास मात्र त्यानंतर शतकाहून अधिक काळ लागला. प्रत्येक पुर्किन्ये पेशीला हजारो बारीक तंतूंकडून वार्ता मिळतात आणि एक जाड तंतू वेलीसारखा तिला विळखा घालून असतो. हा वेलीसारखा तंतू चुकीची वर्दी आणतो, असे आज पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. मान वळली, डोळे पुरेसे वळले नाहीत, दृश्य घसरले, की ही वर्दी येते. १९८२ मध्ये जपानचे मासाओ इतो व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, बारीक तंतू आणि वेलीसारखा तंतू वारंवार एकाच वेळी जागे झाले म्हणजे त्या बारीक तंतूंचा पेशीवरील प्रभाव दीर्घकाळ क्षीण होतो. ज्या सवयीतून चूक झाली, ती सवय पेशी मागे सारते. अशा असंख्य दुरुस्त्यांतून तोल घडतो.

२०१५ मध्ये कॅथलीन कलन व त्यांचे सहकारी यांनी माकडांवर केलेले प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात. माकड आपण होऊन मान वळवते तेव्हा अनुमस्तिष्काच्या गाभ्यातील काही पेशी जवळजवळ गप्प राहतात, कारण ती हालचाल अपेक्षित असते. संशोधकांनी मानेच्या हालचालीला अडथळा केला. अपेक्षा आणि अनुभव यांत अंतर पडताच त्या पेशी खडबडून जाग्या झाल्या. माकड पुनःपुन्हा मान वळवीत राहिले, नव्या परिस्थितीची सवय झाली, तशा त्या पेशी पुन्हा शांत होत गेल्या. अडथळा काढताच त्या पुन्हा गडबडल्या आणि पुन्हा शिकल्या. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, माकडाने मान हलवलीच नसती, तर त्या पेशींना शिकावयास काही उरलेच नसते.

आता आईच्या दुखण्याकडे वळू. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही दोन्ही कानांकडून मेंदूला अखंड वार्ता जात असतात. माकडांवरील मोजणीत एकेका तंतूतून सेकंदाला सुमारे शंभर स्पंदने जाताना आढळतात. तराजूची दोन्ही पारडी भरलेली आणि समान असली म्हणजे मेंदू समजतो की आपण स्थिर आहोत. एका कानाचा तंतू सुजून गप्प झाला की एक पारडे रिकामे होते. मेंदूला वाटते, आपण गरगर फिरत आहोत. ही पहिली भयंकर भोवळ काही दिवसांत बहुधा आपोआप ओसरते, कारण मेंदूतील त्या बाजूच्या पेशी, कानाची मदत नसली तरी, स्वतःहून पुन्हा स्पंदू लागतात. परंतु येथे केवळ अर्धे काम झालेले असते. मान वळवताना, चालताना, वाकताना लागणारे नवे माप उरलेल्या कानाच्या, डोळ्यांच्या आणि पायांच्या साह्याने नव्याने शिकावे लागते. ते माप मान वळवल्यावाचून शिकता येत नाही. आई पडून होती तोवर तिच्या मेंदूला चुकीची वर्दीच पोहोचत नव्हती. आम्ही तिला चुकू दिले नाही, म्हणून ती सुधारली नाही.

ही गोष्ट नवी नाही, याचेच आम्हांस अधिक वाईट वाटले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांना आढळले होते की, डोक्याला इजा होऊन किंवा कानाची शस्त्रक्रिया होऊन भोवळ येणाऱ्यांपैकी जे लवकर हालचाल करू लागतात, ते लवकर बरे होतात. त्यांनी व्यायामांची एक मालिकाच आखून दिली. प्रथम नुसते डोळे फिरवणे; मग मान, आधी सावकाश व मग भराभर; मग बसल्या जागी वाकून वस्तू उचलणे; मग उभे राहून चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकणे; शेवटी चढउतार चालणे आणि खेळ. पुढे फ्रान्समध्ये बबून जातीच्या माकडांवर प्रयोग झाले. एका बाजूचा तोलाचा तंतू छेदल्यानंतर ज्यांना हालचाल करू दिली नाही, ती माकडे सावरावयास मागे पडली.

दीड महिन्याने आम्ही आईला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आम्हांस रागे भरले नाही, फक्त विचारले, "यांना चालवत कोण होते?" आम्ही मान खाली घातली. त्यांनी आईला आपला अंगठा डोळ्यांपुढे धरून, नजर त्यावर रोखून, मान हलवावयास शिकवले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ हा वर्ग भरू लागला. पहिल्या आठवड्यात आई रडली. घेरी येई, ती भिंत धरून उभी राही आणि "पुरे" म्हणे. आम्ही शेजारी उभे राहत होतो. हात पुढे असे, पण धरलेला नसे. असे उभे राहणे किती कठीण आहे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

आमच्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करू नये, म्हणून दोन गोष्टी स्पष्टपणे सांगतो. पहिली ही की, सगळी भोवळ एका जातीची नसते. भोवळीबरोबर बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, एकाचे दोन दिसणे, उभेच राहता न येणे किंवा असह्य डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर तो मेंदूचा झटका असू शकतो. अशा वेळी व्यायाम नव्हे, तत्काळ रुग्णालय गाठावे. कोणाच्या कानातील अतिसूक्ष्म खडे जागा सोडून नलिकेत शिरतात. अंथरुणावर कूस बदलताच क्षणभर जग फिरते. त्यावर अमेरिकेतील डॉक्टर एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली, डोके क्रमाने वळवून खडे परत जागी पोहोचवण्याची युक्ती गुणकारी ठरली आहे. ती जाणकाराकडूनच करवून घ्यावी. दुसरी गोष्ट ही की, पहिल्या एकदोन दिवसांतील विश्रांती योग्यच आहे आणि म्हाताऱ्या माणसाचे पडणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. हाड मोडले तर सारेच संपते. म्हणून आधार हवाच. पण आधार म्हणजे जवळ असलेला हात. बंद केलेली खिडकी नव्हे.

हेच आम्हांस पटांगणाविषयी सांगावयाचे आहे. दरवर्षी जून महिन्यात आमच्या टेबलावर पालकांच्या चिठ्ठ्या येतात. मुलाला कवायतीतून वगळावे, मुलीला खोखोत घेऊ नये, साकवावरून जाणाऱ्या वाटेने सहल नेऊ नये. ज्यांच्यामागे खरे दुखणे आहे, त्या चिठ्ठ्या आम्ही आदराने ठेवतो. बाकीच्या चिठ्ठ्यांमागे केवळ भीती असते. मुलाने झाडावर चढू नये, बांधावरून चालू नये, सायकलवरून पडू नये, अशी व्यवस्था आपण करीत चाललो आहोत; आणि रिकामा झालेला वेळ मूल हातातल्या पडद्यापुढे मान न हलवता घालवते. तोलाच्या पेशींना याहून अधिक कंटाळवाणी शाळा कोणती असेल? ज्या मेंदूला चुकण्याची संधी मिळत नाही, त्याला दुरुस्त करावयासही काही मिळत नाही. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पालकांनी एवढाच विचार करावा, अशी आमची प्रार्थना आहे.

फुगडीने भोवळ येते, हे खरे. परंतु फुगडीच भोवळ पचवावयासही शिकवते. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमध्ये २९ बॅले नर्तिका आणि नावा वल्हवणाऱ्या २० स्त्रिया यांना फिरत्या खुर्चीवर अंधारात फिरवून पाहण्यात आले. खुर्ची थांबल्यावर 'अजून फिरत आहोत' हा भास नर्तिकांना कमी वेळ झाला आणि त्यांच्या अनुमस्तिष्काच्या एका भागाच्या रचनेतही फरक आढळला. २०१३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. आमच्या गावच्या आज्या चवथीच्या रात्री तासन्‌तास फुगड्या घालून सरळ चुलीपाशी जात, त्यांना असल्या खुर्चीवर कोणी बसवले नाही, एवढेच.

त्या वर्षीच्या चवथीला आई फुगडी घालू शकली नाही. पण दुसऱ्या रात्री शेजारच्या अंगणात फुगड्या सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा ती उठली, हातात विजेरी घेतली आणि पायरी उतरली. अंधारात डोळ्यांची साक्ष कमी पडते, म्हणून तोलाला अंधार अधिक जड जातो. आम्ही दोन पावले मागून चाललो. तुळशीपाशी ती एकदा झुकली, थांबली, सावरली. मागे वळून तिने आमच्याकडे पाहिले नाही.

आणि ती आठवीतली मुलगी? पहिल्या आठवड्यात ती तीन वेळा बसली, दुसऱ्या आठवड्यात एकदा. संमेलनाच्या संध्याकाळी शिटी वाजली तेव्हा ती जोडीदारणीचा हात सोडून सरळ उभी राहिली. तिची आई पहिल्या रांगेत बसली होती.